सरदारीण पाहिजे

एका गावात एक भोळा पडदेवाला होता. ते गाव आमचंच, हे सांगून टाकायला आता हरकत नाही. पंचक्रोशीला ते ठाऊकच आहे.

त्याचं नाव यदू. जत्रेच्या नाटकात पडदा ओढायचा, एवढंच त्याचं काम. "ह्याला डोकं लागत न्हाई, म्हनून माझ्याकडं दिलंय," असं तो स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. पण मनातून त्याला भालदार व्हायचं होतं. भालदाराला नाटकात एकच वाक्य असतं. त्या एका वाक्यासाठी यदूचा जीव तीळतीळ तुटत होता.

आमच्या जत्रेत पुरुषांची कामं गावकरी करतात आणि नटी सांगलीहून मागवतात. ती नाटकाच्या दिवशीच येते, तोवर तिला कुणी पाहिलेलं नसतं. यंदाचं नाटक होतं शेजारच्या गढीवरच्या एका जुन्या, करारी सरदारणीचं. उद्घाटनाला त्याच घराण्यातल्या आऊसाहेब येणार होत्या. नाटक बसवणारे रंगाअण्णा, एरवी गिरणीवाले, त्या काळजीनं जेवायचे विसरले होते.

अण्णांनी यदूला स्टँडवर पाठवलं.

"नीट बघून आण. गेल्या साली नटी सोताच ट्रंक उचलून आली, लोक हसलं. सरदारीण कवा वझं उचलती का? नीट आणलीस तर भालदार तू!"

यदू पळतच गेला. बस आली. नटी उतरली. चांगली उंच, नाकेली. तिनं आपली ट्रंक उचलली.

"बाई, परत जावा," यदू म्हणाला.

"का हो?"

"सरदारीण वझं उचलत न्हाई."

बाई त्याच बसनं परत गेली.

अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं बैला, ट्रंक तू उचलायची! तिचा पाय खाली लागायच्या आत!"

"आस्सं व्हय!" यदू म्हणाला. "माझं डोकं म्हंजे नुसती करवंटी बघा, आण्णा."

सांगलीला फोन झाला. दुसरी नटी निघाली. ती बसच्या पायरीवर दिसली मात्र, यदूनं तिच्या हातातली ट्रंक हिसकली आणि गावाकडे धूम ठोकली. बाई मागून ओरडत आली, "चोर! चोर!" जत्रेतल्या लोकांना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी यदूला यथेच्छ धुतला, आणि नटी ट्रंक छातीशी धरून सांगलीला निघून गेली.

"आरं, आधी तोंडानं बोलावं!" अण्णा रडकुंडीला आले होते. "तुम्ही सरदारीण का, म्हनून इचारावं. आता दोघी येत्यात. एक सरदारीण, एक दासी. दोघींना बोलून दाखवायला सांग. खणखणीत आवाजाची ती सरदारीण, मऊ आवाजाची ती दासी. आन् कुणाला परत लावू नगंस!"

"कळलं."

"काय कळलं?"

"कुनाला परत लावायचं न्हाई."

त्या दोघींची गाडी वाटेत पंक्चर झाली, हे आम्हाला मागाहून समजलं. यदूसमोर उतरल्या भलत्याच दोघी. एक जत्रेत सुकट विकायला आलेली गोदाक्का. दुसऱ्या, साध्या सुती लुगड्यातल्या आणि हातात पिशवी घेतलेल्या, खुद्द आऊसाहेब. गढीची मोटार केव्हाच गंजली होती.

यदू आधी आऊसाहेबांपुढे गेला. "तुम्ही सरदारीण का?"

"आहे बाबा, नावापुरती."

"मग म्हना, कोण आहे रे तिकडे!"

आऊसाहेबांना मजा वाटली. त्या हळूच म्हणाल्या, "कोण आहे रे तिकडे, बाळांनो?"

"छ्या! सरदारीण आशी बोलत न्हाई."

"हो का? मला माहीतच नव्हतं."

मग गोदाक्काची पाळी आली. तिनं कमरेवर हात ठेवून असं काही विचारलं की स्टँडवरची कुत्री पळाली आणि कंडक्टर उगाचच "मी, मी" म्हणाला. यदूचं समाधान झालं.

"पर माझी सुकट कोन बघंल?" गोदाक्कानं विचारलं.

"दासी बघंल की."

गढीवरच्या बायकांना नाटक बघायलासुद्धा बंदी होती, आणि आऊसाहेबांना तर लहानपणापासून नाटकात काम करायची हौस. त्यांनी पदर खोचला आणि सुकटीच्या पाटीला हात लावला.

अण्णा मिशा चिकटवत होते. यदूनं बाहेरूनच सांगितलं, "दोघी आल्या!" अण्णांनी आनंदानं भालदाराचं पागोटं बाहेर फेकलं. ते डोक्यावर चढवताना यदूचे डोळे भरून आले.

पडदा उघडला. गोदाक्का पैठणीत, दागिन्यांनी मढलेली. मागे आऊसाहेब, हातात केरसुणी, शेजारी पाटी. खाली मानाची खुर्ची रिकामी, आणि सरपंच शाल-नारळ घेऊन ताटकळलेले. त्यांनी आऊसाहेबांना कधी पाहिलं नव्हतं, निमंत्रण पोस्टानं धाडलं होतं.

शत्रूच्या वेशात अण्णा गर्जत आले. "बाजूला हो, दासी!" म्हणाले, आणि दासीचं तोंड बघून जागीच थिजले. गढीवर दळण पोचवताना त्यांनी आऊसाहेबांना पाहिलं होतं. मिशी एका बाजूनं सुटली.

"यद्या!" ते पुटपुटले. "सरदारीणबाईस्नी आधी खाली ने! मानाच्या खुर्चीत बसीव! ललकारी दे, मुडद्या!"

यदूनं छाती भरून श्वास घेतला.

"सरदारीणबाईसाहेब येत आहेत होऽऽ!"

अशी ललकारी आमच्या जत्रेत आजवर झाली नव्हती. यदूनं गोदाक्काला अदबीनं खाली नेलं आणि मानाच्या खुर्चीत बसवलं. सरपंचांनी तिला शाल पांघरली, नारळ दिला. सगळं गाव उठून उभं राहिलं. आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी यदूचा कान धरला. "गाढवा! खऱ्या सरदारीण त्या मागं केरसुणी घिऊन उभ्या हायत!"

"मला ठावं हाय, आण्णा," यदू समजुतीनं म्हणाला. "त्यांनी सांगितलं हुतं. पर मी बोलून बघितलं. सरदारणीचं काम न्हाई जमायचं त्यास्नी."