कड्यावरची लाट

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका उंच कड्याला आग्यामाश्यांचं भलंमोठं मोहोळ लटकलं होतं. राणी नवी, कोवळी. तिचं कुणी फारसं ऐकत नसे. कडूबाई नावाच्या एका दांडग्या माशीच्या टोळीने बंड करून मधाचा कोपरा बळकावला आणि पिलांची उपासमार सुरू झाली.

सभेत कुणीतरी म्हणालं, "पलीकडच्या दरीतल्या गांधीलमाश्यांना बोलवू. त्या बंडखोरांना सरळ करतील."

"आणि मग परत जातील?" एका म्हातारीने विचारलं.

"पिलं उपाशी आहेत, आजी!" पिलांना भरवणारी झुमकी कळवळली. आपल्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने होकार दिलाच.

गांधीलमाश्यांची म्होरकी पाहणीला आली ती थेट पिलांपाशी. "अगंबाई, किती गुबगुबीत!" ती नजर भुकेची होती. झुमकी चटकन पिलांपुढे आडवी झाली.

तेवढ्यात मधाच्या कोपऱ्यातून कडूबाई ओरडली, "उठवा गं लाट!"

शत्रू दिसला की आग्यामाश्या करतात तसं एकीने अंग उचललं, मग शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने. बंडखोरांकडून निघालेली ती काळी चमचमती लाट राणीच्या पहारेकऱ्यांतून सळसळत झुमकीपर्यंत आली, आणि तिचंही अंग आपोआप उचललं गेलं. जणू अख्खा कडाच श्वास घेत होता. म्होरकी गरगरली आणि दरीकडे पळत सुटली.

बंडखोर कुठे संपले नि आपण कुठे सुरू झालो, झुमकीला सांगता आलं नसतं.

"राणीला मी अजून मानत नाही हां," कडूबाई गुरगुरली. मग सरकून तिने मधाची वाट मोकळी केली. "आधी पिलांना भरव. भांडायला मी इथेच आहे."