चाळीस ऐन

"…छातीच्या उंचीवर म्हणजे? कुणाच्या छातीच्या?"

डुंगाबाबांनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं की हसावं की समजावून सांगावं, निनादला कळेना.

"कुणाच्याच नाही, बाबा. जमिनीपासून साडेचार फुटांवर फीत लावायची. जगभर असंच मोजतात."

"असं…" म्हातारा फितीकडे बघत राहिला. "मंग मोज."

निनाद सबनीस तेव्हा तेवीस वर्षांचा होता. वनशास्त्राचा विद्यार्थी. ब्राझील आणि बोर्नियोच्या जंगलांवरचे निबंध त्याला तोंडपाठ होते. जंगल राखून जंगल वापरायचं कसं, हा त्याचा अभ्यासविषय. त्यासाठी तो तीन महिने गडचिरोलीतल्या कोसमटोल्यात येऊन राहिला होता.

गावाने आपलं जंगल स्वतः राखायला घेतलं होतं. घरांच्या आढ्यांना लाकूड तर लागणारच. वर्षाला ऐनाची किती झाडं तोडली म्हणजे जंगल उणं होणार नाही? हा आकडा गावाला हवा होता. तो काढून देईन, असं निनाद पहिल्याच दिवशी छाती पुढे काढून बोलून बसला होता.

जंगल दाखवायला सोबत डुंगा मडावी. सत्तरी ओलांडलेले, कमरेत वाकलेले, पण चालायला लागले की निनादला धाप लागायची.

ते दिवस त्याला पुढे जन्मभर पुरले. सकाळी पळसाच्या पानांच्या द्रोणातली आंबील. दुपारी नाल्याच्या थंड वाळूत पाय खुपसून बसणं. बाबा त्याला डोळे मिटायला लावत आणि हाताला धरून एकेका झाडापाशी नेत. सालीवरून बोटं फिरवून झाड ओळखायचं. ऐन पहिल्याच दिवशी ओळखू आला, मगरीच्या पाठीसारखा खडबडीत. बिजा ओळखायला महिना लागला. चुकलं की बाबा मोठ्याने हसत, आणि पुन्हा त्याच झाडापाशी नेत.

पण वही उघडली की निनाद वेगळाच होई. तिथे तो गुरू होता. मोठी झाडं मोजली, खालची रोपटी मोजली. उद्याचं जंगल म्हणून त्यांतल्या सरळ, जोमदार रोपट्यांना पत्र्याचे छोटे बिल्ले बांधले. अखेर आकडा निघाला.

"चाळीस," तो म्हणाला. "वर्षाला चाळीस ऐन तोडा. जंगलाला कळणारसुद्धा नाही."

"जंगलाला कळणार नाही…" बाबांनी शब्द हळूच उच्चारले. "बरं. त्यातला एक दाखव."

निनादने एका उंच ऐनावर गेरूची खूण केली. दुसऱ्या दिवशी बाबांनी गावातल्या लालसू आणि बिरजूला बोलावलं. दोघांनी सकाळपासून कुऱ्हाडी चालवल्या. निनाद वही घेऊन उभा होता.

दुपारी झाड करकरलं. बाबांनी निनादचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

ऐन एकटा पडला नाही. वर फांद्यांत गुंतलेल्या जाड वेलीने शेजारच्या तेंदूला ओढलं, तेंदू अर्ध्यातून चिरला. दोन कोवळे बिजे बुंध्याखाली गेले. बांबूचं एक बेट आडवं झालं. मग धूळ, आणि एकदम नको इतकं ऊन.



निनाद फांद्यांत शिरला. पालापाचोळा उपसून त्याने एक पत्र्याचा बिल्ला काढला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत सतरा बिल्ले त्याच्या मुठीत जमले.

"बाबा, हे मोडणं मी हिशोबात धरलंच नव्हतं…"

बाबा बुंध्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पडणार तर होतंच की," ते म्हणाले.

तीन दिवस निनाद तिथे एकटाच जात राहिला. मोडलेलं एकेक रोपटं मोजत राहिला. जेवण गेलं, बोलणं गेलं. चौथ्या दिवशी ग्रामसभा भरली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"माझा हिशोब चुकला," तो कसाबसा म्हणाला. "एकही झाड तोडू नका. मी तसंच लिहून देतो."

सभेत गलका झाला. "मंग घरं का कागदाची बांधायची?" एक बाई तावातावाने उठली. "तीन महिने आमच्यात जेवला, आन् आता म्हणते एकबी नाई!"

निनाद मान खाली घालून बसला. बाबांनी त्याची बाजू घेतली नाही. विरोधातही बोलले नाहीत. उठले आणि घरी गेले.

पुढे निनाद पुष्कळ जंगलं हिंडला. केस पिकले, त्याच्या हाताखाली कितीतरी विद्यार्थी शिकून गेले. त्या वहीला वाळवी लागली. बाबा तर केव्हाच गेले. पण कुठल्याही रानात ऐनाच्या सालीवर हात पडला, की कोसमटोल्यातली ती शेवटची सकाळ त्याच्यासमोर उभी राही. गवतावर दव होतं. तो सामान बांधून, कुणाला तोंड न दाखवता निघणार होता. दारात बाबा उभे होते.

"निघालास?"

"काय तोंडाने राहू, बाबा? चाळीस लिहिताना माझा हात थरथरला नाही. आता एक लिहितानाही थरथरतोय."

"दाखव हात…"

निनादने हात पुढे केला. खरंच कापत होता.

बाबांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. मग खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली आणि तिचा दांडा त्याच्या कापणाऱ्या मुठीत ठेवला.

"कापतोय ना? मंग आता तू तोड."