महाराजांचं पान

चंदनगडच्या राजा रत्नकेतूच्या आजारी मनाने एकदा घेतलं, की आपण मेलो आहोत. चार दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. "मेलेले जेवत नाहीत," एवढंच तो म्हणे. राजवैद्य मात्र त्याचीच नाडी धरून तो जिवंत असल्याचं त्याला तावातावाने पटवत होते.

स्वयंपाकीण भिवराला राहवेना. तिने समोर पान वाढलं.

"महाराज, मेलेले जेवत नाहीत, तर श्राद्धाला आपण आपल्या वडिलांना, आबासाहेबांना, पान का वाढता?"

राजा विचारात पडला. मग त्याने हळूच वडा उचलला.

"अगं मूर्खे, महाराजांना मेलेलं ठरवतेस?" वैद्य कडाडले.

"तुम्ही जिवंत ठरवलं होतं, वैद्यराज, तेव्हा ते उपाशी मरत होते," असं म्हणत भिवराने दुसरा वडा वाढला.