थोरलीचं फिकं सार

फार पूर्वी, थंडीला अजून कुणी लगाम घातलेला नव्हता त्या काळी, एका उंच डोंगरावरच्या गावात एक थोरली सून राहत होती. सून थोरली, हाताची सुगरण, आणि या दोन्ही गोष्टी तिला स्वतःला चांगल्या ठाऊक होत्या.

थंडी कशी म्हणाल, तर कोंबडा पहाटे आरवायला चोच उघडायचा आणि ती दुपारची उन्हं आल्याशिवाय मिटायची नाही. तूप कोयत्याने तोडावं लागे. स्वयंपाकघरातून ताट वाढून माजघरात आणेपर्यंत आमटीवर बर्फाची साय धरे, आणि ती फोडायला घरोघरी एक लहानशी हातोडी असे.

म्हणून त्या गावाने एक युक्ती काढली होती. हिवाळ्यात ताटं वाढायचीच नाहीत. माजघराच्या मधोमध निखाऱ्यांची मोठी शेगडी ठेवायची, तिच्यावर तांब्याचं तपेलं, तपेल्यात उकळतं सार. सगळ्या घराने भोवती गोल बसायचं. भोपळ्याच्या फोडी, अळंबी, मेथीचे गोळे, नदीतले मासे, ज्याला जे हवं ते त्याने बांबूच्या काडीला टोचून सारात बुडवायचं, शिजलं की काढून तोंडात टाकायचं. याला म्हणायचे शेगडीची पंगत.

आता सार म्हटलं की चव आली, आणि चव म्हटली की भांडण आलं. एका भावाला झणझणीत हवं, दुसऱ्याला मिळमिळीत. त्या गावात वाटण्या शेतावरून होत नसत, सारावरून होत. एकेका घरात दोन-दोन, चार-चार शेगड्या झाल्या होत्या. एकाच घरात एक शेगडी उरली होती, थोरलीच्या. तीन भाऊ, तीन सुना, पोरांची फौज आणि म्हातारे सासरे, सगळे एका तपेल्याभोवती.

थोरलीला याचा भारी अभिमान. झऱ्यावर पाण्याला गेली की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आज बोलायला वेळ नाही बाई. एका शेगडीवर अख्खं घर जेवायचंय." आणि मान इतकी ताठ करून परतायची, की खालची वाट तिला दिसत नसे. वाटच बिचारी तिच्या पायाखाली येऊन उभी राही.

तिचा काळा मसाला तर विचारूच नका. पुरचुंडी सोडली की पलीकडच्या डोंगरावरचा मेंढपाळ शिंकायचा, आणि त्याची मेंढरं घाबरून अंगावरची लोकर तिथेच टाकून पळत सुटायची. गावाला घोंगड्यांची कधी ददात पडली नाही ती त्यामुळे.

रोजचं सार थोरलीच ठरवायची आणि रोज तेच ठरवायची, तिच्या मसाल्याचं. पहिली उकळी आली की पळीभर चाखायची, डोळे मिटायची, "जमलं" म्हणायची आणि पंगत बसवायची. सासऱ्यांना वैद्याने तिखट बंद केलं होतं, ते भिंतीशी बसून दूध-भाकरी खायचे. धाकट्या दोघी जावा डोळे पुसत जेवायच्या. थोरलीला वाटायचं, आनंदाने पुसतायत.

एके दिवशी मधलीने काडी खाली ठेवली. ती समुद्रकाठची.

"जाऊबाई, आमच्याकडे सार आंबट असतं. कोकम आणि नारळाचं दूध. पोटाला कसं गार वाटतं."

"मधले, बाहेर झाडं गारठून उभी चिरतायत. तुला पोटात गार कशाला हवंय?"

धाकटी उसाच्या मुलखातली. ती हळूच म्हणाली, "मला गुळाचा एक खडा टाकलात तरी चालेल."

"मग खीरच कर ना," थोरली म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून घरात कुरबुर सुरू झाली. आधी पाळ्या लावून पाहिल्या. तिखटाच्या दिवशी मधलीच्या पोरांचं पोट दुखे, आंबटाच्या दिवशी थोरलीच्या नवऱ्याचा दात ठणके, आणि गोडाच्या दिवशी घरात कुणाला ना कुणाला उपास आठवे. मग तांबटाला बोलावून तपेल्यात तांब्याच्या भिंती बसवल्या. एका कप्प्यात तिखट, एकात आंबट, एकात गोड. दोन दिवस सगळे खूश होते.

तिसऱ्या दिवशी भोपळ्याची एक फोड उकळीने उडाली आणि शेजारच्या कप्प्यात पडली.

"आमचा भोपळा द्या," थोरलीचा लेक म्हणाला.

"आमच्यात पडला तो आमचा," मधलीचा लेक म्हणाला.

मग जो तो आपल्या कप्प्यासमोर बसू लागला. आज आपल्या माणसांना घेऊन, उद्या आपलं बसकूर घेऊन. मधलीने आपली चटई वीतभर मागे ओढली, धाकटीने तिची दुसऱ्या अंगाला सारली. तपेल्यातली भिंत अशी चोरपावलांनी जमिनीवर उतरली, आणि एका सकाळी मधला भाऊ सासऱ्यांपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, आम्हाला आमची शेगडी द्या."

म्हाताऱ्याने निखारे सारखे केले. मग म्हणाला, "उद्या संध्याकाळी शेवटची पंगत होऊ दे. परवापासून ज्याची त्याची शेगडी. तपेल्यातल्या त्या भिंती काढा. उद्याचं सार थोरली ठरवेल आणि कुणी नाक मुरडायचं नाही. एवढं माझं ऐका."

गावात थोरलीची ओळख ती काय, एका शेगडीची मालकीण. परवा झऱ्यावर बायका पदराआड हसतील ते तिला आत्ताच दिसायला लागलं. पण वाईट वाटून घ्यायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने राग धरला. 'जाऊ देत जायचं तिथे. उद्या असं सार करते, की जन्मभर त्याच्या आठवणीने रडतील.' तिने नेहमीच्या दुप्पट मिरच्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच भाजायला बसली. पलीकडच्या डोंगरावर मेंढपाळाने मेंढरं आधीच हलवली.

धाकटी कांदे सोलायला येऊन बसली. मिरच्यांचा ढीग बघून तिने कपाळाला हात लावला.

"काय झालं गं?" थोरली म्हणाली.

"काही नाही. आज शेवटचंच आहे, म्हणून बोलते. जाऊबाई, तुम्ही सार चाखता पहिल्या उकळीला. तेव्हा ते छानच असतं, खोटं कशाला बोलू. पण आम्ही पोरांना भरवून खाली बसतो तोवर ते आटून निम्मं झालेलं असतं. पाणी जातं, तिखट मात्र सगळं तिथेच राहतं. तुमच्या पहिल्या घासापासून आमच्या शेवटच्या घासापर्यंत त्या तपेल्यात मिरचीचं अख्खं शेत उगवतं."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तोंड उघडलं की जास्त जळायचं."

धाकटी कांदे घेऊन गेली. मग थोरलीने एक लहान पातेली घेतली, रोजच्या बेताने सार केलं आणि पंगत चालते तितका वेळ त्याला उकळू दिलं. शेवटी तळाशी उरलेलं पळीभर तोंडात घातलं.

तिच्या दोन्ही कानांतून अशी वाफ निघाली, की छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून वाहायला लागला. नवरा बाहेरून ओरडला, "अगं, पाऊस आला की काय?" थोरली जिभेवर लोण्याचा गोळा धरून भिंतीला टेकून बसली होती, आणि इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कळत होतं की जावा डोळे कशाने पुसत होत्या.

डोळे पुसून झाल्यावर ती उठली. तपेल्यात पाण्याला आधण आलं होतं. हातात मसाल्याची पुरचुंडी होती. मसाला घातला तर आज निदान पहिल्या घासाला तरी सगळे म्हणाले असते, हात असावा तर थोरलीचा. नाही घातला तर तिच्या हातचं शेवटचं सार म्हणून गाव काय ऐकणार? पाण्याची गोष्ट?

शेवटी तिने पुरचुंडी वाटीत उपडी केली, वर कडकडीत तेल आणि तळलेला लसूण घातला आणि लालभडक तवंग चढला तशी वाटी बाजूला ठेवली. तपेल्यात गेला भाजलेला कांदा, ठेचलेलं आलं, मुळ्याच्या चार फोडी आणि मीठ. मीठही हात आखडून, कारण आटल्यावर ते वाढणार होतं. मग तिने जावांना हाक मारली.

"आपापलं तोंडीलावणं आपापल्या वाटीत करा. काय घालता ते मला विचारू नका."

मधलीने संशयाने तपेल्यात डोकावलं. "आणि सारात काय घातलंत?"

"फारसं काही नाही."

"रागावलात का?"

"नाही गं. तू कर तुझं कोकम."

संध्याकाळी पंगत बसली. सगळ्यांचे चेहरे कुणाला तरी पोचवून आल्यासारखे. थोरलीच्या नवऱ्याने पहिली अळंबी बुडवली, चाखली आणि बायकोकडे बघितलं.

"अगं, हे सार आहे की तपेलं विसळलेलं पाणी?"

कुणीतरी खुदकन हसलं. थोरलीच्या कानशिलांना रंग चढला. तिच्या हाताला असं नाव आजवर कुणी ठेवलं नव्हतं. लाल वाटी हाताशीच होती. एक वाटी तपेल्यात उलटी केली की सगळ्यांची तोंडं बंद. तिने हात पुढे केला, वाटी उचलली आणि तपेल्यावरून पलीकडे नेऊन गोलाच्या मध्ये ठेवली.

"वाटीतलं लावून खा," ती म्हणाली. "ज्याला जेवढं सोसेल तेवढं."

तिच्या वाटीशेजारी मधलीची आली, नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ. धाकटीने चिंच, गूळ आणि भाजलेले तीळ वाटून आणले होते. पोरांनी दही आणि दाण्याचं कूट कालवून एक चिखल केला होता, तोही आला. पहिले काही घास ज्याने त्याने आपल्याच वाटीत बुडवले. मग दात दुखणाऱ्या थोरलीच्या नवऱ्याने इकडेतिकडे बघून धाकटीच्या तीळगुळात भोपळा बुडवला.

"भाऊजी, मी बघितलं हं," धाकटी म्हणाली.

"मग अजून थोडं इकडे दे. बघतेसच आहेस तर."

मग मधली कुणाकडेच न बघता म्हणाली, "जाऊबाई, ते तुमचं लाल जरा सरकवा. एकच थेंब हवाय. माझ्या आंबटाला धार नाही."

"धार लावून देते. आधी तुझी वाटी इकडे कर."

वाट्या गोल फिरू लागल्या. लाल आंबटाला जाऊन मिळालं, गोड लालला. धाकटीच्या चटईवर मधलीची पोरं कधी आली आणि थोरलीच्या मांडीवर धाकटीचं बाळ कधी आलं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. तपेलं मधोमध शांतपणे रटरटत होतं. अळंबीने त्यात आपलं काही सोडलं, मेथीने सोडलं, माशांनी सोडलं. पाणी आटत गेलं तसं मीठ बरोबर जागेवर आलं.

थोरलीने पळीभर सार काढलं. या खेपेला तिने स्वतः चाखलं नाही. ती उठली आणि भिंतीशी दूध-भाकरी कुस्करत बसलेल्या सासऱ्यांसमोर पळी धरली.

"मामंजी, घ्या. यात तिखटाचा कण नाही."

म्हाताऱ्याने एक घोट घेतला. मग पळी रिकामी केली. मग दूध-भाकरीची वाटी बाजूला सारली, गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि मधल्या भावाला कोपराने ढकलून गोलात जागा केली.

"सरक. आणि मला एक काडी दे," तो म्हणाला. "इतकी वर्षं नुसत्या वासावर काढली मी."

थोरलीने गोलावरून एकदा नजर फिरवली. म्हातारा मुळ्याची फोड पकडायच्या खटपटीत होता आणि ती काडीवरून पुन्हापुन्हा निसटत होती. तिच्या छातीत काहीतरी असं भरून आलं, की चोळीचे बंद सैल करावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधला भाऊ कुंभाराकडून नवी शेगडी घेऊन दारात आला. मधलीने त्याला उंबऱ्यातच थांबवलं.

"आज नको. कालचं सार उरलंय, त्यात भात शिजवायचाय."

"मग उद्या?"

"भाताच्या तळाशी जे राहील त्यात पाणी घालून उद्याचं सार होईल. ते टाकून कशी येऊ?"

उद्याचं परवावर गेलं, परवाचं तेरवावर. ते सार संपेचना, आणि संपल्याशिवाय मधली हलेना. नव्या शेगडीत मांजरीने पिल्लं घातली, तेव्हा ती पेटवायचा प्रश्नच मिटला.

त्या साराचा वास गावभर झाला. चार शेगड्यांच्या घरातली एक बाई एक दिवस मुद्दाम येऊन बसली. कौतुक करकरून शेवटी तिने विचारलंच, "थोरलीबाई, सारात घालता तरी काय? तुमचा तो मसालाच ना?"

थोरलीने मधलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. मग पाठ सरळ करून, राणीने राज्य दाखवावं तसं तिने तपेल्याकडे बोट केलं.

"मी पाणी घालते," ती म्हणाली. "बाकीचं माझं घर घालतं."

तात्पर्य: सगळ्यांच्या तपेल्यात हात आखडता ठेवावा. आपली झणझणीत हौस आपल्या वाटीत ठेवावी, आणि ती वाटी मागेल त्याच्याकडे सरकवावी.