दाराचे माप

एका तालुक्याच्या गावी एक वयोवृद्ध गुरुजी लोकांच्या देणग्यांवर रुग्णसाहित्य केंद्र चालवीत असत. व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर, पलंग; ज्याला गरज असेल त्याने न्यावे, बरे वाटले की आणून द्यावे. सारी नोंद यमुनाबाईंच्या वहीत आणि त्याहून अधिक त्यांच्या डोक्यात. केंद्राच्या खिडकीवर एकोणीस वर्षे त्याच बसत होत्या. मागणी वाढली, तसा एके दिवशी एकच पलंग दोघांना कबूल झाला आणि एका आजोबांना रिकामा टेम्पो घेऊन परतावे लागले. त्या दिवशी यमुनाबाई जेवल्या नाहीत. केंद्राला संगणक प्रणाली घ्यायची, हे तेव्हाच ठरले.

निवडीचे काम गुरुजींनी नव्याने आलेल्या शिष्येवर सोपवले. मुलगी हुशार, आणि हुशारीवर तिचा भरवसा जरा जास्तच. माडीवरच्या खोलीत बसून तिने दोन महिन्यांत सात कंपन्या चाळल्या, बेचाळीस गुणांचा तक्ता केला आणि पहिली आलेली कंपनी पक्की केली. करार तीन वर्षांचा, सही दुसऱ्या दिवशी. निवड चुकली तर तीन वर्षे रुग्णांची माणसे खिडकीवरून रिकाम्या हाताने परततील, हे तिलाही ठाऊक होते.

गुरुजींनी तक्ता शांतपणे पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"छान. आता एक काम कर. पलीकडच्या आळीत आमची आक्का राहते, तिचा गुडघा धरलाय. तिला एक व्हीलचेअर नेऊन दे. तुला आवडेल ती निवड."

सहीच्या तोंडावर हे कसले काम! शिष्या मनात चरफडली. तरी गुरुजींची बहीण म्हणून तिने गोदामातली सर्वांत देखणी खुर्ची काढली. पाठ मागे झुकणारी, गादी जाड, हात ऐसपैस. खिडकीतून यमुनाबाई ओरडत होत्या, "अहो ताई, थांबा, सुतळी घेऊन जा!" पण खुर्चीला चाके असताना सुतळी कशाला, असे म्हणत ही केव्हाच रस्त्याला लागली होती.

खुर्ची आक्कांच्या दारात अडकली. सरळ जाईना, तिरकी जाईना. शेजारचे दोघे धावले. एकाने आतून ओढली, दुसऱ्याने बाहेरून रेटली, तेव्हा तर ती अशी रुतली की पुढेही नाही आणि मागेही नाही. आक्का हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. "अगं, खुर्ची मला आणलीस की दाराला?" शिष्या आधी रडवेली झाली, मग तिलाही हसू आवरेना. खुर्ची सुटल्यावर आक्कांनी लंगडत उठून सगळ्यांना चहा पाजला.

खुर्ची ढकलत ती परतली, तेव्हा गुरुजी वाटच पाहत होते.

"खुर्ची उत्तम आहे, दारातही खोट नाही," ते म्हणाले. "यमुनाबाई प्रत्येकाला आधी ती खिळ्यावरची सुतळी देतात. घरच्या दाराला लावायची, गाठ मारून आणायची. मग गाठीत बसेल ती खुर्ची. तुझ्या तक्त्यात बेचाळीस गुण आहेत, सारे खुर्चीचे. आपले दार म्हणजे ही खिडकी. तिथे बसणाऱ्या बाईंना तू काय विचारलेस?"

तिने काहीच विचारले नव्हते. ती फार ओशाळली. सुतळी घेऊन ती पुन्हा आक्कांकडे गेली, गाठ मारून आली आणि अरुंद, साधी खुर्ची पोहोचवून आली. मग स्टूल ओढून खिडकीपाशी बसली.

"यमुनाबाई, या प्रणालीत तुम्हाला काय हवं?"

यमुनाबाई गडबडल्या. संगणक आला की आपली खुर्ची गेली, असे त्या धरून चालल्या होत्या. "मला?" त्या म्हणाल्या. "अक्षरं मोठी हवीत, अन् मराठी. लाइट गेली तरी काम अडायला नको. आणि ताई, उद्या त्या कंपनीशी आपलं नाही जमलं, तर आपली सगळी नावं परत मिळतील ना? आपण वस्तू देतानाच विचारतो, परत कधी आणणार म्हणून."

हा प्रश्न बेचाळिसांत कुठेच नव्हता. शिष्येने उद्याची सही पुढे ढकलली आणि सातही कंपन्यांना फोन केले. नोंदी परत देण्याचे लेखी कबूल करून बाकीच्या दोन्ही गोष्टी खिडकीवर येऊन करून दाखवणारी एकच निघाली, तक्त्यात पाचवी आलेली. सही तिच्याशी झाली.

महिन्याभराने प्रणाली सुरू झाली. पहिला रकाना दाराच्या मापाचा होता. यमुनाबाईंनी चष्मा पुसला आणि एका बोटाने, सावकाश, पहिली नोंद केली: आक्का, दार सव्वीस इंच. मग शिष्येकडे वळून ऐटीत म्हणाल्या, "हं, पुढचं नाव सांगा."