खारुटलीचा दाणा आणि आबांचे पाय

एक होती खारुटली. एवढीशी. शेपटी मात्र झुपकेदार.

रोज सकाळी ती झाडावरून उतरायची. टुणुक टुणुक अंगणात यायची. वत्सलाकाकू ज्वारी पाखडायच्या. सूप वाजायचं फटक फटक. उडालेले दाणे खारुटलीचे, असं त्या घरात ठरलेलंच होतं.

एके दिवशी पाहते तर काय, दाणाच नाही. सूप खुंटीवर. दुसऱ्या दिवशीही तेच. खारुटली शेजारच्या अंगणात गेली. तिथंही सूप खुंटीवर. त्याच्या पलीकडे गेली. तिथंही तेच, आणि ओसरीवर बिस्किटांचे रिकामे पुडे. सगळ्यांना झालं तरी काय? खारुटलीला काही कळेना. पोटात कावळे ओरडायला लागले.

टुणुक टुणुक ती परत आली. सुपाला म्हणाली,
"मला दाणा मिळेना. सुपा सुपा, हल ना."
सूप म्हणालं, "काकू पाखडत नाहीत, मग मी कशाला हलू?"

टुणुक टुणुक गेली काकूंकडे.
"सूप हलेना, मला दाणा मिळेना. काकू काकू, पाखडा ना."
काकू म्हणाल्या, "तवा तापत नाही, पीठ संपत नाही, मग मी कशाला पाखडू?"

टुणुक टुणुक गेली तव्याकडे. तवा गार पडला होता.
"काकू पाखडेनात, सूप हलेना, मला दाणा मिळेना. तव्या तव्या, ताप ना."
तवा म्हणाला, "आबा जेवत नाहीत, मग मी कशाला तापू?"

आबा म्हणजे काकूंचे सासरे. ओसरीवर खुर्चीत बसलेले. हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. बिस्किट खायचं कुडुम कुडुम. गोड चहा प्यायचा फुर्र फुर्र. सकाळी तेच, दुपारी तेच.

टुणुक टुणुक गेली आबांकडे.
"तवा तापेना, काकू पाखडेनात, सूप हलेना, मला दाणा मिळेना. आबा आबा, जेवा ना."
आबा म्हणाले, "पोट मागत नाही, मग मी कशाला जेवू?"

खारुटली आबांच्या मांडीवर चढली. पोटाला कान लावला.
"आबा जेवेनात, तवा तापेना, काकू पाखडेनात, सूप हलेना, मला दाणा मिळेना. पोटा पोटा, माग ना."
पोट म्हणालं, "पाय चालत नाहीत, मग मी कशाला मागू?"

सुर्रर्र! खारुटली घसरली पायांवर. पाय सुजून टम्म.
"पोट मागेना, आबा जेवेनात, तवा तापेना, काकू पाखडेनात, सूप हलेना, मला दाणा मिळेना. पायांनो पायांनो, चाला ना."
पाय कण्हत म्हणाले, "आबा सारखं गोड खातात. साखर वाढली रक्तात. आम्ही ठणकतो, आम्हाला मुंग्या येतात. आबा भाकरी खात नाहीत, मग आम्ही कशाला चालू?"

आता आली का पंचाईत! पाय म्हणतात, आबा जेवू देत. आबा म्हणतात, पोट मागू दे. पोट म्हणतं, पाय चालू देत. खारुटली स्वतःभोवती फिरली गरगर गरगर. आता जायचं कुणाकडे? तिला रडूच आलं.

भूक तर लागलेली. समोर पुडा. तिनं पुडाच उचलला आणि ठोकली धूम!

"अगं ए, माझा पुडा!" आबा उठले. काठी घेतली. खारुटली पुढे टुणुक टुणुक, आबा मागे ठक ठक. झाडाभोवती एक फेरी. दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत पुडा पडला हौदात. डुबुक!

आणि काय गंमत! पाय चालले, पोट मागू लागलं गुर्रर्र. पोट मागू लागलं, आबा पाटावर बसले. आबा बसले, तवा तापला चर्रर्र. गरम गरम भाकरी, मेथीची भाजी. आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. डब्यातलं पीठ संपलं! पीठ संपलं, काकू पाखडायला बसल्या. काकू बसल्या, सूप हललं फटक फटक. सूप हललं, दाणे उडाले टपटप टपटप.

आबांचे पाय अजून दुखत होते. सूजही होतीच. ते खारुटलीला हळूच म्हणाले, "उद्या पुडा नसेल. पण तू मला फिरवायला ये."

खारुटली आबांकडे बघत राहिली. दाणा तिचा. तो मिळायला आबांचे पाय कशाला लागतात? तिला अजून कळलेलं नाही. विचारणार होती, पण तोंडात दाणा होता.