खिंडीतला कूड

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी एका नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोळ्याच्या घरी जन्माला आला होता. आईबाप गेल्यावर तो डोंगरात, शुभ्रा नदीच्या काठी एकटाच राहू लागला. दिवसभर थंडगार पाण्यात उभे राहून गळ टाकायचा आणि पोटापुरते ठिपकेवाले मासे घेऊन परतायचे. संध्याकाळी चुलीपुढे बोलायला कोणी नसे. गिरिक नावाचा बालमित्र तेवढा अधूनमधून डोंगर चढून येई. त्याची चाहूल लागली, की बोधिसत्त्व हातातले काम टाकून बाहेर धावे.

बर्फ वितळू लागले, की मासे अंडी घालायला उगमाकडे चढत. त्या दिवसांत बोधिसत्त्व गळ टाकीत नसे. अशाच एका वसंतात गिरिक मोठ्या आनंदात आला.

“गड्या, राजाला इथल्या माशांची गोडी लागली आहे. खिंडीत नदीच्या पात्रात मेखा ठोकून काटक्यांचा आडवा कूड घालून सगळे एकदम धरायचे आहेत. ते काम माझ्याकडे दिलंय. तूही चल. खाली घर मिळेल, दोघे शेजारी राहू.”

बोधिसत्त्वाचे मन हलले. धनाचा त्याला लोभ नव्हता; पण भिंतीपलीकडून कोणाचा खोकला तरी ऐकू यावा, असे त्याला फार दिवसांपासून वाटत होते. तरी तो म्हणाला, “गिरिका, वर पोचलेच नाहीत तर ते अंडी कुठे घालतील? एक फट तरी ठेव.”

“फट ठेवून माझी मान जाऊ देऊ? माझ्याबरोबर यायचं नाही, असं सरळ सांग ना!” गिरिक रागाने उतरून गेला.

कूड उभा राहिला. अंड्यांनी जड झालेले मासे त्याच्यावर धडका देऊ लागले; त्यांची तोंडे रक्ताळली. बोधिसत्त्वाला ते पाहवेना. पहाटे तो पाण्यात उतरला आणि मेखा उपटून त्याने कूड वाहू दिला. मासे त्याच्या पायांना घासत वर निघून गेले. तो मात्र पळाला नाही.

गिरिक आला. रिकामी खिंड पाहून तो बोधिसत्त्वाकडे धावला. “काय केलंस हे? राजाला काय सांगू मी?”

“झालं ते सांग. मी येतो बरोबर. तुझ्यावर आळ येऊ देणार नाही.”

बोधिसत्त्वाची कबुली ऐकून राजाने गिरिकाला सोडले आणि बोधिसत्त्वाला उगमाजवळच्या ओसाड माळावर हद्दपार केले. निघताना बोधिसत्त्व म्हणाला, “येतो, गड्या.” गिरिकाने मान फिरवली.

माळावर ना झाड होते, ना शेजार. गळ त्याने पुन्हा हाती धरला नाही. कंदमुळांवर तो दिवस काढी. दर वसंतात मासे उथळ पाण्यात गोट्यांमध्ये अंडी घालून जात, आणि तो वाटेकडे पाहत बसे. तिथे जायला कोणाला मनाई नव्हती. पण गिरिक आला नाही. बोधिसत्त्व म्हातारा झाला, तरी त्याने मनात अढी धरली नाही. जेवताना तो मित्राच्या वाटणीचे बाजूला काढून ठेवी आणि सकाळी पाखरांना घाली. असेच त्याचे आयुष्य सरले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, थांबले. मग म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला भिक्षा घालणारा श्रेष्ठी वसुमान. गिरिक म्हणजे दारापाशी अंग चोरून बसलेला हा नवा भिक्षू उत्पल. आणि तो कोळी मीच होतो.”

उत्पलाने मान खाली घातली. शास्त्यांनी आपल्याशेजारची जागा हाताने झाडली.

“इकडे ये, बाळा. फार वाट पाहायला लावलीस.”

हीच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.